र. धों. कर्वे यांची प्रश्नोत्तरे पुन्हा छापावीत

महोदय,

शालेय लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला की ही परदेशी कल्पना आहे असे ठासून सांगितले जाते आणि त्यात र. धों. कर्वे यांचा पुरता विसर पडतो, याचे मनापासून वाईट वाटते. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढणाऱ्या आणि या कामापायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडणाऱ्या कर्व्यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर ते इतके तगले असते, असे मला वाटत नाही.

हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांनी भीतभीत विचारलेल्या शंकांना त्यात शास्त्राधारे, आडपडदा न ठेवता उत्तर मिळे. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडूनही दंड झालाच. त्याच शंका आजची मुले मोबाइलवर चाचपडत शोधतात. आपल्या रविवार पुरवणीत ती निवडक प्रश्नोत्तरे, आजच्या डॉक्टरांच्या टिपणांसह, क्रमशः छापावीत, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे