यामातो पुरे, आता 'ताके'वर लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतले दुसऱ्या महायुद्धावरचे लेख मी आवडीने वाचतो, पण जपानी नौदल म्हटलं की दरवेळी तीच यामातो ही अवाढव्य युद्धनौका आणि तिच्या ४६ सेंटीमीटरच्या तोफा. अहो, जपानची खरी बोंब झाली ती मालवाहू जहाजं सांभाळण्यात. तेल, तांदूळ, सैनिक सगळं समुद्रातनं ये-जा करणार आणि अमेरिकन पाणबुड्या एकेक जहाज बुडवत सुटलेल्या, तरी यांनी एस्कॉर्टसाठी, म्हणजे मालवाहू जहाजांना सोबत राहून संरक्षण देण्यासाठी, वेगळं मुख्यालय उघडलं नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरला दोन वर्षं होत आली तेव्हा!

त्याच घाईत मात्सु क्लासच्या छोट्या एस्कॉर्ट विनाशिका निघाल्या, साधारण १,२६० टनांच्या, स्पीड जेमतेम २८ नॉट, तोफा तीनच. मोठ्या विनाशिकांसारखी नजाकत नाही, पटकन बांधून होतील असं साधं डिझाइन, पण बॉयलर आणि इंजिनं आलटून पालटून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली, एक बाजू फुटली तरी दुसरीवर जहाज चालावं म्हणून. मला विचाराल तर यामातोपेक्षा यात जास्त डोकं होतं.

यातलीच एक 'ताके'. योकोसुकाला ऑक्टोबर १९४३ मध्ये बांधायला घेतली, जून १९४४ ला नौदलात हजर. डिसेंबरात ती आणि 'कुवा' या दोघी फिलिपाइन्समध्ये लेयटे बेटावरच्या ओर्मोकला सैन्य उतरवणाऱ्या जहाजांसोबत होत्या, आणि ३ तारखेच्या मध्यरात्री तीन नव्याकोऱ्या अमेरिकन विनाशिका खाडीत घुसल्या, प्रत्येकीवर सहा तोफा, म्हणजे अठराला सहा असा हिशोब. कुवा बुडाली. ताकेने मात्र टॉर्पेडो सोडले आणि त्यातला एक त्या तीन अमेरिकन विनाशिकांपैकी 'कूपर'ला असा बसला की तिचे दोन तुकडे होऊन मिनिटभरात ती गेली. तिच्यावरचे १९१ जण मेले, १६८ वाचले, बऱ्याच जणांना कॅटलिना विमानांनी समुद्रात उतरून उचललं. ताके स्वतः मार खाऊन, पाणी शिरलेल्या अवस्थेत मनिलाला पोचली.

पुढे युद्ध संपेपर्यंत ती टिकली, नंतर परदेशात अडकलेल्या जपान्यांना घरी आणायच्या कामाला लागली आणि १९४७ मध्ये सिंगापूरला ब्रिटिशांच्या ताब्यात दिली, त्यांनी भंगारात काढली. तेव्हा पुढच्या लेखात यामातोचा फोटो नसला तरी चालेल, ओर्मोक खाडीचा एक नकाशा तेवढा छापा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा