फॉरमॅट मारण्याआधी बूट मेनू बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट जुन्या मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट किंवा उबंटू (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्त्या, म्हणजे डिस्ट्रो) टाकून घेणारे पुष्कळ आहेत, आणि ते शहाणपणाचेच आहे. पण दोनपैकी एक सिस्टीम सुरू व्हायची थांबली, की दुकानात ठरलेले उत्तर मिळते: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बहुतेक वेळा लागत नाही. बिघाड नेमका कुठे असतो आणि तो कसा काढायचा, ते लिहितो. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे.)

यूईएफआय (जुन्या बायोसची नवी पिढी; बोलीत तिलाही बायोसच म्हणतात) असलेल्या मशीनच्या डिस्कवर ईएफआय नावाचे एक चिमुकले पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) असते. विंडोजने केलेले असेल तर ते बहुधा १०० एमबीचे, फॅट ३२ प्रकारचे असते. उघडून पाहिले तर आत ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘उबंटू’ आणि ‘बूट’ अशी फोल्डर दिसतात. विंडोज सुरू करणारी फाइल पहिल्यात, लिनक्सचा बूटलोडर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम, दुसऱ्यात. मिंटचे फोल्डरही ‘उबंटू’ याच नावाने बसते, आणि ‘आपण उबंटू टाकलेच नव्हते’ म्हणून ती नोंद उडवून मिंट घालवून बसणारे कमी नाहीत. कोणती फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. म्हणजे फाइल, नोंद आणि क्रम, एवढ्यापैकीच काहीतरी बिघडलेले असते. तुमचे फोटो आणि टॅलीचा डेटा दुसऱ्याच पार्टिशनमध्ये सुखरूप असतो.

म्हणून पहिले काम: मशीन चालू करताच बूट मेनूची कळ टिचकत राहा. डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबंटू’ दोन्ही दिसतात का? बंद पडलेली सिस्टीम तिथून निवडल्यावर सुरू झाली, तर मोडलेले काहीच नाही, फक्त क्रम बदलला आहे. बायोसमध्ये जाऊन तो नीट करा. याचे पैसे कोणी फॉरमॅटच्या दराने मागत असेल तर देऊ नका.

बायोस अपडेटनंतर कधीकधी नोंदच पुसली जाते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि काही मशीनमध्ये बायोसची सेटिंग मूळपदावर येतात. अशा वेळी डिस्क वापरण्याची पद्धत (मोड) एएचसीआयवरून रेडवर, किंवा उलट, गेली तर विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबते. मोड पूर्वी होता तसा करा, सेल बदला. विंडोजला हात लावू नका.

ग्रबच्या यादीतून फक्त विंडोज गायब असेल तर कारण वेगळे. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो; काही डिस्ट्रो तो परत चालू करून देतात. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ घालून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. अक्षरे जशी इंग्रजीत लिहिली जातात तशी, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे सगळे कॅपिटलमध्ये.

याच्या उलट प्रकार ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर अडवणारी एसबॅट नावाची यादी लावली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेली मशीन तिने वगळायला हवी होती, पण अनेक मशीन तिला ओळखूच आली नाहीत. लिनक्स निवडले की ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश यायचा आणि मशीन बंद व्हायचे. लिनक्सच्या जुन्या पेनड्राइव्हवरूनही तोच संदेश येऊ शकतो. उपाय असा: बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करा, लिनक्स सुरू करा, ‘सुडो मॉकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ चालवा, एकदा रीस्टार्ट करून लिनक्समध्ये शिरा, लिनक्सचे सगळे अपडेट घ्या आणि मगच सिक्युअर बूट परत चालू करा. तो कायमचा बंद ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. आम्हाला तो आळशीपणाचा वाटतो.

विंडोजची बूट फाइलच गेली असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप बनवा. त्यावरून मशीन सुरू केले की शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडते. आधी ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. १०० एमबीच्या आसपासचे फॅट ३२ पार्टिशन शोधा, समजा त्याचा क्रमांक ३ आहे. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम ३’, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. पेनड्राइव्हही फॅट ३२ असतो, म्हणून आकार बघूनच निवडा. विंडोज इथे सी वरच असेल असे नाही. ‘डिर सी:’ करून ‘विंडोज’ फोल्डर दिसते का ते तपासा, नसेल तर डी, ई बघा. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. फाइल बनल्याचा संदेश आला की काम झाले. सगळीकडे सांगितली जाणारी ‘बूटरेक /फिक्सबूट’ ही आज्ञा यूईएफआय मशीनवर बहुधा ‘अॅक्सेस इज डिनाइड’ म्हणते. तिच्या नादी लागू नका. यूईएफआय नसलेल्या जुन्या मशीनवर मात्र ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ कामाची.

ग्रब बसवायचा असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) लावा. तो यूईएफआय पद्धतीनेच सुरू झाला पाहिजे: ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसले तर ठीक. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशन ओळखून लिनक्सचे मूळ पार्टिशन ‘/एमएनटी’वर आणि ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर माउंट करा, म्हणजे जोडा. ‘/डेव्ह’, ‘/प्रोक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ जोडताना ‘--आरबाइंड’ वापरा. साध्या ‘--बाइंड’ने ‘/सिस’च्या पोटातले ईएफआय व्हेरिएबल येत नाहीत आणि ग्रब-इन्स्टॉल तक्रार करतो. मग ‘सीएचरूट’ (डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरणे), ‘ग्रब-इन्स्टॉल’, ‘अपडेट-ग्रब’, याच क्रमाने.

विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन उडवल्यावर काळ्या पडद्यावर नुसते ‘ग्रब’ दिसू लागते. तिथे ‘एक्झिट’ टाइप केले की बऱ्याचदा विंडोज सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे बूट क्रमात विंडोज वर आणणे.

डिस्कच बायोसमध्ये दिसत नसेल किंवा टकटक आवाज करत असेल तर वरचे काहीही करू नका. डिस्क दिसत असेल तर आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा. फॉरमॅट तिथेही उपाय नाहीच.

आणि एक गोष्ट पहिल्या पायरीच्याही आधीची. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूट किंवा बायोसला हात लावताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉपवर मालकाला पत्ता नसताना ते आपोआप चालू झालेले असते. ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ने तपासा. ही रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, ती मशीन चालू असतानाच कागदावर उतरवा. बूट फाइल दहा वेळा नव्याने बनवता येते, हे ४८ अंक हरवले तर मात्र त्या पार्टिशनमधला डेटा कोणालाच काढता येत नाही.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या कामातले काही वाचक, पुणे