धुराचं घर

फातुकोतो, उत्तर मोल्लो,
पश्चिम तिमोर, इंडोनेशिया
ऑक्टोबरअखेर

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बाली सोडून इंडोनेशियात आणखी आहे तरी काय, असं विचारलंयस. सगळं सांगतो. पण मला तुझ्याकडून एक कामही करून हवंय, म्हणून शेवटपर्यंत वाच.

इथून समुद्र दिसत नाही. कुपांग या मोठ्या शहरातून शंभर किलोमीटरच्या वर आत आलं की सोए लागतं, तिथून चढ चढत कापानचा बाजार, आणि त्याच्याही पुढे आम्ही. पाठीशी मुतिस डोंगर, 2,427 मीटर उंच. पश्चिम तिमोरच्या नोएलमिना आणि बेनेनाइन या मोठ्या नद्या तिथेच उगम पावतात. पाऊस डिसेंबर ते मार्च, बाकी वर्ष जवळजवळ कोरडं. सध्या गवत वाळून करड्या रंगाचं झालंय, वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि बायापोरं कॅन घेऊन झऱ्यावर नंबर लावून उभी असतात. मी आलोय ते या झऱ्याचं पाणी नळाने खाली उतरवायच्या कामासाठी. रात्री मात्र अशी थंडी पडते की दोन गोधड्या घ्याव्या लागतात. आणि इथली संत्री! सोएची संत्री सगळ्या इंडोनेशियात नावाजलेली आहेत. तुझ्या नागपुरी जिभेलाही मान्य करावं लागेल.

कुणाच्याही घरी गेलं की आधी सुपारी, चुना आणि विड्याच्या वेलीचं हिरवं लांबट फळ पुढे येतं. पान नव्हे, फळ. ते तोंडात टाकल्याशिवाय कामाचं बोलणंच सुरू होत नाही.

आता घराचं सांगतो, कारण तुझ्याकडचं माझं काम त्याच्याशीच आहे. प्रत्येक कुटुंबाची घरं दोन. पुढे रस्त्याकडेला सिमेंटचं, पत्र्याचं, चौकोनी घर. त्यात खुर्च्या, येशूची तसबीर, पाहुण्यांची उठबस. मागे गवताने शाकारलेलं गोल घर, ज्याला हे लोक 'उमे क्बुबु' म्हणतात. त्याचं छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेलं. दार एवढं बुटकं की कमरेत वाकून, जवळजवळ रांगतच आत जावं लागतं. खिडकी नाही, धुराडं नाही. मधोमध तीन दगडांची चूल आणि तिच्या वर माळा. मी ज्यांच्याकडे राहतो त्या मावशी शिडी लावून माळ्यावर चढतात. तिथे घरच्या बाईशिवाय कुणी चढायचं नाही, अशी रीत आहे. परवा त्यांनी वरून मक्याची एक जुडी खाली दिली. कणसांवरची पाती काजळीने काळीकुट्ट, हाताला चिकटणारी. पाती सोलली तर आतले दाणे स्वच्छ पांढरे, एकालाही भोक नाही. मार्चमधलं पीक ऑक्टोबर संपत आला तरी जसंच्या तसं! धान्यातले किडे फिरकत नाहीत, बुरशी धरत नाही, सगळं त्या धुरामुळे. चुलीच्या नेमकी वर टांगलेली कणसं खायची नसतात, ते पुढच्या पेरणीचं बियाणं. आपल्या धडगावकडे आढ्याला कणसं बांधतात ना, त्याचीच ही थोरली बहीण. तोच मका उखळात कांडून, कोंडा काढून, शेंगा-भोपळ्याबरोबर तासन्‌तास शिजवतात. हे त्यांचं रोजचं जेवण.

सरकारी माणसं येतात ती या गोल घराला 'अनारोग्याचं घर' म्हणतात. शहरातून कॅमेरे घेऊन येणारे त्यालाच 'परंपरा' म्हणून डोक्यावर घेतात. माझं दोघांशीही जमत नाही. हे घर म्हणजे या लोकांची कणगी आहे, एवढी साधी गोष्ट कुणी बोलत नाही. घर पाडलं तर मका पत्र्याखाली ठेवावा लागेल, आणि त्याला दोन महिन्यांत कीड लागेल.

पण अनारोग्याची गोष्टही खोटी नाही, दत्तू. बाळंतीण चाळीस दिवस याच घरात विस्तवाशेजारी तान्ह्यासकट राहते. 2009 पासून प्रांतिक सरकारने बाळंतपण दवाखान्यातच व्हावं असा आग्रह धरला आणि तो योग्यच आहे. आता बऱ्याच जणी तिकडे जातात. पण परत येतात त्या याच धुरात. मावशींचे डोळे कायम लाल आणि खोकला तर पाचवीलाच पुजलेला. गेल्या आठवड्यात गावच्या मुलांची वजनं घेतली, आपल्या अंगणवाडीत घेतात तशीच. एका सेविकेने गुलाबी पुस्तिकेत रेघ मारली आणि आईला न दाखवताच पुस्तिका मिटली. पोर तीन वर्षांचं होतं, पण दिसायला दीड वर्षाचं. 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत या प्रांतातली पाच वर्षांखालची 42.6 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी भरली होती. देशाची सरासरी 30.8. पाऊस लांबला की जानेवारी-फेब्रुवारीत माळे रिकामे होतात आणि घरं कसाव्यावर, म्हणजे साबुदाण्याच्या कंदावर, येतात. लोक हे इतक्या सहज सांगतात की ऐकताना माझ्याच पोटात तुटतं.

तरुण पोरं मग मलेशियाला जातात, पामतेलाच्या मळ्यात नाहीतर घरकामाला. पुष्कळदा दलालामार्फत, कागदपत्रांशिवाय. त्यातल्या कित्येकांच्या शवपेट्याच कुपांगच्या विमानतळावर उतरतात. याबद्दल जास्त लिहवत नाही.

आणि याच माणसांनी संगमरवराच्या कंपन्यांना परत पाठवलंय! गावाच्या डोक्यावर अंजाफ आणि नाउसुस असे दोन प्रचंड खडक आहेत. इथल्या समजुतीप्रमाणे दगड म्हणजे धरतीची हाडं, पाणी म्हणजे रक्त, माती म्हणजे मांस आणि जंगल म्हणजे केस. कंपन्या ही हाडंच कापून न्यायला लागल्या, तेव्हा आलेता बाउन नावाची इथलीच बाई घरोघर फिरली. तिच्यावर हल्ला झाला, तान्ह्या लेकराला घेऊन तिला जंगलात लपावं लागलं. 2006 च्या सुमारास दीडशे बायका खाणीत जाऊन बसल्या आणि वर्षभर तिथेच माग लावून कापड विणत राहिल्या. पुरुषांनी घर, चूल, पोरं सांभाळली आणि त्यांना जेवण पोचवलं. 2010 पर्यंत चार ठिकाणच्या खाणी बंद झाल्या. 2013 मध्ये आलेताबाईंना पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना देतात तो गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्यांचं सांगणं असं की, जे आपण स्वतः बनवू शकतो तेच विकू. डोंगर आपण बनवू शकत नाही, तेव्हा तो विकायचा नाही. विचार कर, माळ्यावर मका नसता तर बायका वर्षभर घर सोडून बसू शकल्या असत्या का? मला तर त्या लढ्याचं बळ या काळ्या कणसांतच दिसतं.

म्हणून तुला गळ घालतोय. मेळघाटात तू निर्धूर चुली बसवल्यास, पण तिथे धूर घराबाहेर काढायचा होता. इथे धूर हवाय, फक्त तो माळ्यावर हवा; बाईच्या डोळ्यांत आणि पोराच्या छातीत नको. चुलीपासून मातीचं धुराडं थेट माळ्याखाली सोडलं आणि तिथे धूर पसरू दिला तर चालेल का? वर गवताचं छप्पर आहे, ठिणगी गेली की सगळंच गेलं, तेव्हा मधे काय घालावं? माती इथे चिकट आहे, पत्रा मिळतो, विटा महाग. दाराशेजारी एक झरोका ठेवायला मावशी तयार आहेत. माळ्याला हात लावायचा नाही, ही त्यांची अट आहे आणि ती मला पटते.

घराची सगळी मापं मागच्या पानावर काढून दिली आहेत. उत्तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत धाड. पाऊस लागला की छप्पर उघडता येणार नाही, आणि मार्चमध्ये नवा मका माळ्यावर चढण्याआधी निदान एका घरात चूल पेटवून बघायची आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता