बद्द वाजणाऱ्या बंबाबद्दल, काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

परवा रात्री आमच्या सिनेमाचं शेवटचं मिक्सिंग झालं. श्रेयनामावलीत तुमचं नाव घालू का, असं मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही एकच सांगितलंत, "भांड्यावर नाव देणाऱ्याचं घालतात, नाहीतर घेणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं घालत नाहीत." तुमचा शब्द मोडला नाही. या पत्रातही तुमचं नाव नाही. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही, आणि ते चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघडं पत्र. भांडीबाजारात ज्याला कळायचं त्याला कळेलच.

जानेवारीत आजीचा बंब घेऊन मी तुमच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा आमचं काम तीन महिने अडलेलं होतं. ओस वाड्यात राहायला आलेल्या मायलेकींची गोष्ट, भयपट, पैसे बेताचे. संगीताला आम्ही चौघं : मी कीबोर्डवर, पंचवटीतली माझी दिलरुबा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारी मैत्रीण, वणीकडचा एक गोंधळी मित्र सांबळ घेऊन, आणि ध्वनिमुद्रण करणारा एक जण. चौघांची भीती चार तऱ्हांची. मी कॉम्प्युटरमधले तयार आवाज लावत होते, किंचाळणारी व्हायोलिनं, दणकन आपटणारे ढोल. ऐकायला सगळं भारदस्त, पण पडद्यावर नाशकातला वाडा दिसायचा आणि कानाला कुठलीतरी परदेशी हवेली ऐकू यायची. दिग्दर्शक दर वेळी एवढंच म्हणायचे, "हे आपल्या घरातलं नाही वाटत."

तुम्ही बंब उचललात, कानाशी धरलात आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारलीत. "बद्द वाजतोय," म्हणालात. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग तुम्ही शेजारचं धड घंगाळ वाजवलंत, पुन्हा बंब, पुन्हा घंगाळ. पाचव्या-सहाव्या वेळी मला ते कळलं. आवाज तोच, ओळखीचा, लहानपणापासून न्हाणीघरात ऐकलेला; फक्त आत काहीतरी सुटलेलं. वरून चीर दिसत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. तीन महिने शोधत होते ते तुमच्या टिचकीत सापडलं.

घरी जाऊन मी मैत्रिणीला फोन केला आणि सांगितलं, या सिनेमात तांब्याच्या भांड्यांशिवाय फारसं काही नको. हिचकॉकच्या 'सायको'ला (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यं वापरली होती, हे आम्ही दोघींनी शिकताना वाचलं होतं. एकाच जातीच्या आवाजावर अख्खा सिनेमा उभा राहतो, हे माहीत होतं. आपला तो आवाज कुठला, एवढंच माहीत नव्हतं.

ऐन वेळी स्टुडिओवाल्यांनी तारीख फिरवली आणि तुम्ही म्हणालात, रात्री इथंच या, ठोकाठोक बंद झाली की गल्ली शांत असते. अकरा रात्री आम्ही तुमच्या कारखान्यात बसलो. काकूंनी रोज भाकरी-पिठलं पाठवलं, तेही इथंच लिहून ठेवते.

पहिल्या रात्री दिलरुब्याचा गज घंगाळाच्या काठावर ओढायचा होता. गज नुसताच घसरत होता. तुम्ही घंगाळाखाली सुताची चुंबळ सारलीत, म्हणजे बूड टेकेल पण काठ मोकळा राहील. मैत्रिणीनं गजाला जास्तीची राळ लावली आणि काठाला टेकवून अगदी सावकाश ओढला. आधी काहीच नाही. मग तळातून उठल्यासारखा एक हुंकार आला आणि थांबेचना. त्यात पाणी ओतत गेलो तसा सूर खाली उतरत गेला, आणि घंगाळ जरा कलंडलं की आतल्या पाण्याबरोबर सूरही डुलायचा. अमेरिकेत रिचर्ड वॉटर्स यांनी याच तत्त्वावर स्टीलच्या वाडग्याला काशाच्या कांड्या जोडून वॉटरफोन नावाचं वाद्य केलं, भयपटांत ते खूप वाजतं. ते विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. आता त्याची गरजही वाटत नाही.

दिलरुबा घंगाळाशी जुळवताना मात्र रात्र गेली. भांड्याच्या आवाजातले वरचे सूर तारेच्या सुरांसारखे सरळ पटीत नसतात, त्यामुळे षड्ज कुठे धरावा तेच कळत नाही. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "भांडं तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही भांड्याकडे जा." तेव्हा आम्ही तंबोऱ्यातला पंचमच काढून टाकला. मारवा रागात पंचम नसतो आणि षड्जावरही फार थांबत नाहीत, म्हणून तो राग कानाला टेकू देत नाही. मैत्रिणीनं कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम एवढेच सूर भांड्याच्या अवतीभवती फिरवले. त्या रात्री वाड्याचा आवाज आम्हाला मिळाला.

पोचा आलेल्या भांड्यांचा तुमचा ढीग तर आमचं भांडारच झाला. भांडं पूर्ण गोल असलं की एक सूर देतं. गोलाई बिघडली की त्याच सुराचे दोन होतात, अगदी शेजारशेजारचे. एक सेकंदाला २२० कंपनांचा आणि दुसरा २२४ चा असेल, तर आवाज सेकंदाला चार वेळा चढतो आणि उतरतो. हा हिशेब मला पुस्तकातून ठाऊक होता. तुम्ही मात्र नुसत्या कानानं, "हे धापा टाकतंय, हे कण्हतंय," असं म्हणत भांडी बाजूला काढून ठेवलीत. मुलीच्या खोलीतल्या दृश्याला ते धापा टाकणारं पातेलंच आहे, दुसरं काही नाही.

सांबळाचं तुम्ही जसं सोडवलंत, ते मी विसरणार नाही. आमचा मित्र दोन दिवस गप्प होता. त्याला बोलता येत नव्हतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं. शेवटी तुम्हीच त्याला बाजूला घेतलंत. सांबळ सप्तशृंगी गडावरच्या देवीपुढं वाजतं, ते भुताखेतांसाठी वाजवायला त्याचं मन घेत नव्हतं. तुम्ही आम्हाला एवढंच म्हणालात, "त्याचा हात हवाय ना तुम्हाला? मग वाद्य दुसरं द्या." तो मग उपड्या हंड्यांवर वाजवायला बसला. सांबळ त्याच्या पिशवीतच राहिलं, आणि सिनेमातला सगळा ठेका त्याच्याच हातचा आहे.

आणि पुराची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, भांडीबाजारात पाणी शिरलं. वीज गेलेली. तुम्ही वरच्या मजल्यावर बसून होतात आणि खाली बंद दुकानात हंडे, पातेली, कळशा पाण्यावर तरंगत अंधारात एकमेकांवर आपटत होत्या. हळू, थांबून थांबून. "कुणीतरी आत वावरतंय असं वाटत होतं," म्हणालात. "आणि वावरत होतं ते माझंच घडवलेलं." हे सांगताना तुमचा हात हातोडीवर तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या हौदात सात पातेली आणि दोन हंडे सोडले, दिवे मालवले आणि पाणी हातानं जरासं हलवलं. टुण्ण. बऱ्याच वेळानं पुन्हा, लांबून, टण्ण. ध्वनिमुद्रणवाला मित्र हेडफोन काढून बाहेर जाऊन बसला. शेवटच्या प्रसंगात माजघराखालून येणारा आवाज तो आहे. त्यावर आम्ही एकही सूर चढवलेला नाही.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. तुम्ही चष्मा लावून लॅपटॉपवर मधला सात मिनिटांचा भाग पाहिलात. मी त्यात क्षणभरही उसंत ठेवली नव्हती. तुम्ही म्हणालात, "तांबं ठोकलं की ताठरतं, पोरी. मग भट्टीत लाल करून मऊ पाडायचं, तेव्हा कुठं पुन्हा ठोकायचं. तू नुसतीच ठोकतेयस. तडकेल." मी घरी येऊन त्यातली चार मिनिटं कोरी केली. आई मुलीची वेणी घालते तिथं आता फक्त केसांतून फिरणाऱ्या फणीचा आवाज आहे. दिग्दर्शकांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा काही बदलायला सांगितलं नाही.

मी सात वर्षं संगीत करते आहे. कुणी इतकं नीट ऐकताना मी पाहिलं नव्हतं, आणि ऐकायला मला कुणी असं शिकवलंही नव्हतं.

आजीचा बंब तुम्ही डाग देऊन दिलात, आता खणखणीत वाजतो. रविवारी सकाळी आम्ही चौघं येतो. कागदाचा चिटोरा न करता तुम्ही दिलेलं सामान परत आणायचं आहे : सात पातेली, दोन हंडे आणि ते घंगाळ. काकूंना सांगा, या खेपेला भाकरी आम्ही घेऊन येतो.

तुमची,
बंबवाली पोर