मीनू, त्या खपल्यांचं एवढं टेन्शन नको घेऊस

मीनू,

बाळाच्या डोक्याचा फोटो झूम करकरून पाहिला. पिवळसर तेलकट खपल्या, भुवयांपर्यंत उतरलेल्या, ही क्रेडल कॅपच (तान्ह्या बाळांच्या डोक्यावर धरतात त्या खपल्या) वाटतेय गं, आमच्या चिंगीला दुसऱ्या महिन्यात अगदी अश्शीच झालेली. आणि सासूबाई काही म्हणोत, बाळाला नीट न्हाऊ न घातल्याने वगैरे हे होत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले की आईचे हार्मोन्स बाळाच्या अंगात असतात काही दिवस, त्याने डोक्यातल्या तेलाच्या ग्रंथी जरा जोरात चालतात, त्यात मॅलेसेझिया नावाचं यीस्ट (एक प्रकारची बुरशी, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असते) वाढतं आणि सुटलेली कातडी तिथेच चिकटून बसते. एकाचं दुसऱ्याला होत नाही, बाळाला सहसा खाजही नसते. जीव आपलाच खालीवर होतो.

आता कर काय, तर अंघोळीआधी थोडं बेबी ऑइल लाव, पंधरा-वीस मिनिटं मुरू दे, मग मऊ बेबी ब्रश हलक्या हाताने फिरव आणि बेबी शॅम्पूने तेल पूर्ण धुऊन काढ. हे धुणंच महत्त्वाचं! तुमच्या मालिशवाल्या मावशी टाळू भरून जातात आणि तेल दिवसभर तसंच राहतं ना, मग खपल्या अजूनच थापल्या जातात. मावशींना सांगायला जड जाईल माहितीये, डॉक्टरांचं नाव पुढे कर सरळ. टाळूला हात लावायला घाबरू नकोस, हळुवार धुतलं तर काही होत नाही. डाळीचं पीठ मात्र चोळू देऊ नकोस आणि नखाने खरवडणं तर नाहीच, खालची कातडी सोलली की इन्फेक्शनला वाट मिळते. खपलीबरोबर चार केस चिकटून येतील, येऊ देत, परत उगवतात.

आपला कोंड्याचा शॅम्पू मनानेच लावू नकोस हं, त्यातल्या काहींत सॅलिसिलिक अॅसिड असतं, तान्ह्या बाळाला ते नको. गरज पडली तर डॉक्टर कीटोकोनाझोलचं (बुरशीवरचं औषध) काहीतरी देतात. बहुतेकांचं वर्षाच्या आत आपोआप जातं. पण लाल होऊन पाणी सुटलं, वास आला, मानेच्या घड्यांत किंवा लंगोटाच्या जागी पसरलं, नाहीतर बाळ खाजवून खाजवून किरकिरायला लागलं तर लगेच दाखव, एक्झिमाही असू शकतो.

आणि बारशाच्या फोटोंना टोपडं आहेच की! तू साडी कुठली नेसतेयस ते कळव आधी.

तुझीच,
सुमी