तापीकाठचा रिले

चोपडा, 18 मे

प्रिय सुन्या,

आपल्या हौशी रेडिओचा रिले, म्हणजे निरोप घेऊन पुढे पाठवणारं यंत्र, बोलायला लागला रे! काल रात्री साडेनऊला माझंच पॅकेट, म्हणजे रेडिओवरून पाठवलेला छोटा लिखित निरोप, मामांच्या मळ्यावरून फिरून परत आलं. गच्चीवर एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

तुला अँटेनाचा संशय होता ना? ती बरोबर होती. तरंगाच्या पाव लांबीची, 49 सेंटिमीटरची दांडी आणि खाली चार तिरप्या काड्या. खोट आवाजात निघाली. पॅकेट म्हणजे शेवटी दोन सूरच, 1200 आणि 2200 हर्ट्झचे. ओरडलं की लांब ऐकू जातं, या समजुतीने मी रेडिओला सूर देणाऱ्या साउंड कार्डचा आवाज चढवून ठेवलेला. एफएममध्ये उलटंच होतं. डेव्हिएशन, म्हणजे लहरीची वारंवारता मागेपुढे हलण्याचं प्रमाण, वाढतं, सूर चेपले जातात, पॅकेट शाबूत आहे का ते दाखवणारा चेकसमचा आकडा जुळत नाही आणि पलीकडचा डायरवूल्फ, म्हणजे सूर उलगडणारा प्रोग्राम, पॅकेट मुकाट टाकून देतो. आठ दिवस मी वायरी बदलत होतो! आवाज उतरवला आणि पॅकेटं जायला लागली.

रिलेचा छोटा संगणक, रास्पबेरी पाय, पत्र्याच्या पेटीतून काढून पंपघरात सावलीला ठेवलाय. 80 अंशांवर तो आपला वेग कमी करतो, आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली तिथवर जायला वेळ लागत नाही. लाईट गेल्यावर मेमरी कार्ड बिघडू नये म्हणून ते फक्त वाचण्यापुरतं केलंय. रेडिओसकट सगळं 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं. 40 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी दीड दिवस निघतो. मामी पेटीकडे बघून म्हणाल्या, "हाई काय शे रे भाऊ?" टपाल हाती घेऊन पुढे देणारा माणूस, असं सांगितलं.

अवकाश स्थानकाचं पॅकेट 400 किलोमीटरवरून मला ऐकू येतं, आणि तू अमळनेरला असून ऐकू येत नाहीस. स्थानक डोक्यावर उघडं असतं, आपल्यामध्ये पृथ्वीची गोलाई येते. दोघांचे खांब 12-12 मीटर धरले तरी रेडिओची नजर 28 किलोमीटरपर्यंतच पुरते. म्हणून मध्ये मळा.

हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, लाईट गेली आणि मोबाईलचे टॉवर बसले, तर काठच्या गावांचे निरोप यावरून जावेत, एवढ्यासाठी मी हे करतोय. केळीच्या भावाचे निरोप मात्र नाहीत, हौशी रेडिओच्या परवान्यात धंदा बसत नाही.

आता तुझा खांब उभा कर. रविवारी ये, अँटेनासाठी 15 मीटर कोॲक्स केबल आण. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय.

तुझा,
विजू