सा कुणाच्या घरी गेलाय?

मालवण

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तुझा राग वाचून हसूच आलं. भजनाच्या डबलबारीत काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, डोळे मिटून पेटी वाजवणारा तू, आणि कीबोर्डच्या पुस्तकातल्या 'सेकंडरी डॉमिनंट'ने तुला घाम फोडला! पुस्तक रद्दीत घालू का, असं विचारतोस. अजिबात घालू नको. त्यात चूक काही नाही. फक्त ज्या मुलांसाठी ते लिहिलंय, त्यांच्या कानात सा मुरलेला नसतो, म्हणून सगळं आकड्यांनी सांगावं लागतं. तुझ्या कानात तो लहानपणापासून आहे. तेव्हा कुठलंही प्रकरण उघडलंस की आधी एवढंच विचार: आत्ता सा कोण आहे? माझ्या मते पुढची अर्धी थिअरी याच प्रश्नात आहे.

आधी हाताला पटू दे. फक्त काळ्या पट्ट्या घे. पट्ट्या नेहमीसारख्या मोजायच्या, सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच. काळी तीनला सा धरलास की भूप राग. आता पट्ट्या त्याच पाच ठेव आणि सा काळी चारला ने: मधमाद सारंगाचे स्वर. काळी पाचला मालकंस, काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. मात्र दर वेळी डाव्या हाताने खालच्या सप्तकात नवा सा दाबून ठेव. तो धरला नाहीस तर कान भूपातच बसून राहतो आणि मालकंस कधी येतच नाही. आपल्याकडे ही मूर्च्छना. पुस्तकातलं 'मोड्स'चं प्रकरण म्हणजे हाच खेळ, पांढऱ्या पट्ट्यांवर. पांढरी दोनपासून काफी, त्याला ते डोरियन म्हणतात. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सातपासून निघालास तर शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून भातखंड्यांच्या दहा थाटांत, म्हणजे रागांच्या मूळ स्वरचौकटींत, त्याला जागा नाही. नावं पाठ करायची घाई करू नको, ती आपोआप बसतात.

आता तुझं अडलेलं प्रकरण. सा पांढरी एक. सा-ग-प हा घरचा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वर. प-नी-रे-म वाजवलंस की कान सा मागतो, हे तुला कुणी शिकवायला नको. का मागतो ते बघ: त्यातला नी वर सा कडे सरकू पाहतो आणि म खाली ग कडे. हीच ओढ आपल्याला प कडे जायला हवी असेल तर? क्षणभर प ला सा मान. त्या नव्या सा चा पंचम म्हणजे आपला रे. रे वरून तसाच कॉर्ड बांध: रे, तीव्र म, ध, सा. हा तीव्र म कुठून उपटला म्हणून तू चिडलायस ना? तो प चा शुद्ध नी आहे, दुसरं काही नाही. सा दोन मात्रा प च्या घरी पाहुणा जातो आणि परत येतो. 'सेकंडरी डॉमिनंट' म्हणतात ते एवढंच. तो परत आलाच नाही, तिथेच बिऱ्हाड केलं, तर त्याला 'मॉड्युलेशन' म्हणायचं.

याच्या पुढची गंमत मला सगळ्यात आवडते. म आणि नी, म्हणजे पांढरी चार आणि पांढरी सात. दोघांत सहा अर्धस्वरांचं अंतर, बरोबर अर्धं सप्तक. आता सा काळी तीनला ने. पांढरी सात म झाली आणि पांढरी चार नी! जोडी तीच, भूमिकांची अदलाबदल. म्हणजे ही एकच जोडी दोन सा ची वाट दाखवते. काळी तीनचा पंचम काळी एक, त्याचा कॉर्ड काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. तो वाजव आणि उतर मात्र पांढरी एकवर. कान आधी दचकतो, मग खूश होतो. डाव्या हाताला तर चैनच: पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक, असा अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरत येतो. जॅझवाले याला 'ट्रायटोन सब्स्टिट्यूशन' म्हणतात. नाव ऐकून मुलं पळतात, वाजवून दाखवलं की पुन्हा वाजवा म्हणतात.

पण हे सगळं भजनात नेऊन घालू नको हं. आपल्याकडे सा हलत नाही, आणि कॉर्डचा सगळा संसार सा हलवण्यावर. यमनातल्या अभंगाखाली माझ्याकडची मुलं हौसेने रे-तीव्र म-ध-सा वाजवून प वर उतरतात. लगेच प हाच सा वाटायला लागतो; यमन गेला, प वरचा बिलावल उरला. गाणारे बुवा वळून बघतात ते उगाच नाही. उपाय सोपा आहे: डाव्या करंगळीखाली सा धरून ठेवायचा आणि त्याच्यावर रे-तीव्र म-ध हलकेच ठेवायचे. रंग येतो, घर सुटत नाही. पेटीवर डावा हात भात्याला बांधलेला असतो, कीबोर्डवर तो मोकळा झाला, म्हणून त्याने प्रत्येक मात्रेला काहीतरी केलंच पाहिजे असं थोडंच आहे?

ते ट्रान्स्पोजचं बटण मात्र महिनाभर विसर. बुवा काळी चार म्हणाले की बटण दाबून पांढरी एकच वाजवायची, ही सवय हल्ली सगळ्यांना. कार्यक्रमात ठीक आहे, शिकताना नाही. प ला सा मानायचं तर प चं सप्तक बोटांना ठाऊक नको? तुझं बरं आहे, पेटीमुळे काळी एक, काळी चार, पांढरी चार तयार आहेत. बाकीच्यांवर रोज थोडा हात फिरव.

कीबोर्डचा गंधार टोचतो म्हणतोस, ते खरंच आहे. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार (ग) सा पासून 386 सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), कीबोर्डचा 400 वर. म्हणजे चढाच. पण हे समान बारा भाग केले नसते तर सा असा कुठेही नेता आला नसता. तुझ्या पेटीतही तेच भाग आहेत. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे हीही एक तक्रार होती. भजनवाल्यांनी काही पेटी सोडली नाही!

गणपतीत येशील तेव्हा कीबोर्ड घेऊन ये, आणि अडॅप्टरबरोबर सेलही आण. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. तोपर्यंत रे च्या घरी जायचं असेल तर कुठला कॉर्ड लागेल, आणि त्यात कुठला परका स्वर येईल, ते स्वतः शोधून कळव. उत्तर मी सांगणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा